इंदूताई आणि आपलेवाले

'छान आहे' एवढं म्हणून इंदूताई मेश्रामांच्या घरून सुटका होत नसे.

"छान तं वरणबी असते," त्या म्हणायच्या. "कसं छान, काहून छान, ते सांग." आणि वेताच्या खुर्चीत मागे रेलून तुमच्या उत्तराची वाट पाहत बसायच्या. वाट पाहणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. नागपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. दिवसभर कानाला हेडसेट लावून एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडायचं आणि वेळ झाली की तोडायचं. त्या हेडसेटच्या पट्टीनं त्यांच्या केसांत आडवी खाच पडली होती. तेल लावून, विंचरून, कशानंही ती जात नसे. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून विहारातून वंदना करून यायच्या तेव्हासुद्धा ती खाच तशीच असायची. आल्या की साडी न बदलता टेपरेकॉर्डर सुरू करायच्या आणि आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरांच्या त्या शांत ओळीत इलेक्ट्रिक गिटार घुमू लागायची.

आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच होती. आम्ही नवीन राहायला आलो त्या रविवारी आईला वाटलं, शेजारी पिठाची गिरणी आहे. बाबा म्हणाले, गिरणीत माणूस ओरडत नाही. मी काहीच म्हणाले नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि काहीच न म्हणणं मला सगळ्यात चांगलं जमायचं. इंग्रजी शाळेत बारा वर्षं आम्हाला स्पष्ट आणि ठाशीव बोलायला शिकवलं होतं. मी त्यातून स्पष्ट आणि ठाशीव गप्प बसायला शिकून बाहेर पडले.

पुढच्याच रविवारी मागच्या अंगणाच्या भिंतीवरून इंदूताईंचं डोकं वर आलं. मी कपडे वाळत घालत होते.

"तू इंग्लिश मीडियमची ना वं? ये इकडे. हा बावा काय म्हणून राहिला, ते सांग मले."

मी गेले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं. त्यांनी मला टेपरेकॉर्डरच्या शेजारी सतरंजीवर बसवलं, हातात कागद-पेन्सिल दिली आणि गाणं लावलं. गायक जीव तोडून काहीतरी सांगत होता. मी कान टवकारले. एक शब्द कळला, तो 'रोड' होता. नंतर पुन्हा बराच वेळ काही नाही. मग पुन्हा 'रोड'. गाणं संपलं तेव्हा माझ्या कागदावर 'रोड' हा शब्द तीन ठिकाणी आणि मध्ये भरपूर मोकळी जागा होती. लाजेनं माझे कान तापले. इंदूताईंनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुलेबी नाही समजत. बरं झालं बाई. मले वाटे, मलेच समजत नाही."

त्या दिवसापासून माझं नाव 'मीडियम' पडलं. "मीडियम आली काय?" असं त्या भिंतीपलीकडून विचारायच्या, आणि मी जायचे. शब्द लिहायचं काम सुटलं, दुसरं लागलं. कॅसेटची एक बाजू संपली की इंदूताई बोलायच्या नाहीत. गाण्याचा शेवट तोंडात असताना बोलू नये असं त्यांचं मत होतं. त्या नुसती दोन बोटं वर करायच्या आणि मनगट फिरवायच्या. म्हणजे, बाजू पलट. मी कॅसेट काढायचे, उलटी घालायचे आणि बटण दाबायचे. बोलावं न लागता उपयोगी पडता येईल असं याहून चांगलं काम मला त्या वयात मिळालं नसतं.

इंदूताई त्या रॉक बँडना त्यांच्या खऱ्या नावांनी कधीच हाक मारायच्या नाहीत. "ते नाव त्याइच्या मॅनेजरनं ठेवलं असन. आपण काहून घ्यावं?" त्यांनी प्रत्येकाचं बारसं नव्यानं केलं होतं. मीही इथे खरी नावं लिहीत नाही. लिहिली तर ते कोणी दुसरेच लोक वाटतील.

एक होते 'चांगल्या घरची पोरं'. आमच्या शाळेत सगळ्या मुली त्यांच्यासाठी वेड्या होत्या. वह्यांच्या आतल्या पुठ्ठ्यांवर त्यांचे फोटो असत. इंदूताईंचं मत एका वाक्यात होतं: "त्याइले जेवायले बोलवावं, ऐकायले नाही." दुसरे 'कूलरवाले'. वीस वीस मिनिटांचं एक गाणं, खालून सतत ऑर्गनचा घूं आवाज. "नुसता कूलर चालू, थंडावा काहीच नाही." पण त्यांचा दुसरा अल्बम त्यांना आवडायचा, कारण त्यात कोणीतरी मधेच कूलर बंद करतं आणि शांततेत एकटी बासरी उरते. तेवढ्या बासरीसाठी त्या अख्खी बाजू सहन करायच्या. पुढे पळवू दिलं तर बासरी बासरी राहणार नाही, म्हणायच्या. 'भांडणवाल्यांत' गिटार आणि गायक एकमेकांना बोलूच देत नसत. त्यांच्याबद्दल इंदूताई काळजीनं बोलत: "हे टिकत नाही पाय. एक दिवस तो गिटारवाला घर सोडून जाईन." काही वर्षांनी तो खरंच गेला. ती बातमी इंग्रजी मासिकात मी वाचली आणि धावत सांगायला गेले. त्यांनी फक्त मान हलवली. "मी तं कधीची म्हणून राहिली," म्हणाल्या.

आणि मग होते 'आपलेवाले'. त्यांच्याकडे येण्याआधी इंदूताईंच्या आईबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे माय म्हणत. त्या मूळच्या खापा गावच्या, विणकरांच्या घरातल्या. रविवारी त्या भिंतीला पाठ लावून सुपात तुरीची डाळ निवडत बसायच्या आणि बँडचा निकाल डाळीवर द्यायच्या. एखाद्या अल्बमवर डाळ भराभर निवडून झाली तर तो चांगला. 'कूलरवाल्यां'वर त्यांचा हात थांबायचा आणि डोळा लागायचा. ढोल वाजवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र माय कडक होत्या. त्यांचं बालपण हातमागाच्या ठोक्यावर गेलं होतं. धोटा इकडून तिकडे, मग ठोका, पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. एखादा ड्रमर जरा पुढे-मागे झाला की त्या सुपातून मान वर न करता म्हणत, "याचं कापड वाकडं होईन." 'आपलेवाल्यांच्या' ड्रमरला त्यांनी कधीही नाव ठेवलं नाही. "पोरगं मागावर बसलेलं आहे," म्हणायच्या. इंदूताई सांगत की लहानपणी त्यांना मागाच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. माग विकले गेले आणि घर एकदम मुकं झालं. पहिल्यांदा मैत्रिणीकडे रॉक ऐकलं तेव्हा त्यांना काय वाटलं, तर घरी कोणीतरी परत आलं आहे. हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि लगेच मायला विचारलं, डाळीत खडे किती निघाले.

या रविवारच्या बैठकीला चौथा माणूस म्हणजे गुणवंत बोरकर. औषध कंपनीत फिरतीची नोकरी, काटोलकडच्या शेतकरी घरातला, कायम इस्त्रीचा शर्ट आणि कायम मतभेद. मुंबईची फेरी झाली की नव्या कॅसेट त्यांच्या बॅगेत औषधांच्या नमुन्यांखाली असायच्या. इंदूताईंपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण वाद घालताना दोघं शाळेतली भावंडं वाटत.

बैठकीचे नियम इंदूताईंचे. अल्बम पहिल्यापासून ऐकायचा. मधे बोलायचं नाही. उन्हाळ्यात कूलर बंद, कारण गिटारचा बारीक आवाज त्यात बुडतो. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, हे नागपूरकरालाच कळेल. बोरकरांच्या शर्टाची इस्त्री पहिल्या बाजूतच उतरायची. दोन बाजूंच्या मधे चहा, आणि चहाबरोबर प्रत्येकानं मत द्यायचं. वेळ तीन मिनिटं, ट्रंक कॉलइतकी. बोरकर तर लांबण लावायचे. तीन मिनिटं झाली की इंदूताई नाकातून, अगदी ड्युटीवरच्या आवाजात विचारायच्या, "थ्री मिनिट्स. एक्स्टेंड करायचं?" मत रंगलेलं असेल तर त्याच म्हणायच्या, "एक्स्टेंड." नसेल तर लाइन कट. वेताच्या खुर्चीत बसणाऱ्याचा हा अधिकार होता: काय लावायचं, कोणाला तोडायचं आणि शेवटचा शब्द कोणाचा. घरात खुर्ची ती एकच होती. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

माझी पाळी आली की मी म्हणायचे, "मला आवडलं." इंदूताई थांबायच्या. मी कपात बघायचे. मग त्या पुढच्याकडे वळायच्या. मला त्यांनी कधी टोचलं नाही. पण दर वेळी थांबायच्या मात्र नक्की.

आता 'आपलेवाले'. त्यांचा एक अल्बम इंदूताईंच्या मते जगातला सर्वश्रेष्ठ होता, आणि तो त्याच्या शेवटामुळे. शेवटचं गाणं एका माणसाचं आहे, एवढं मलाही कळत होतं. तो बरीच वर्षं घराबाहेर आहे आणि परत निघाला आहे. गाणं वाढत जातं, ड्रम मागासारखे ठोकत राहतात, गिटार वर वर चढते. मग सगळं थांबतं. गायक श्वास घेतो. तो श्वास अगदी कानाजवळ ऐकू येतो. आणि बस. पुढे काही नाही. जरा वेळ नुसती सरसर, मग टेपरेकॉर्डरचं बटण खट् करून वर.

"श्वास घेतला आन बोललाच नाही," इंदूताई म्हणायच्या. "केवढी हिंमत पाहिजे."

त्यांना त्यात काय दिसत होतं ते एकदा त्यांनी सांगितलं. फोनवर लोक काय बोलतात ते सांगायची त्यांना परवानगी नव्हती आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही. "काय बोलले ते नाही सांगत. कसे थांबले ते सांगते," म्हणाल्या. एखादा बाप दूरच्या पोरीशी बोलतो. पाऊस कसा आहे, बैल कसा आहे, काकाचा गुडघा कसा आहे. तीन मिनिटं असंच. मग शेवटी तो श्वास घेतो. "तो श्वास मले कळते. मनात म्हणते मी, आता हा खरं बोलन. आन तेवढ्यात टाइम होते. मी विचारते, एक्स्टेंड? तो म्हणते, नाही, ठेवतो." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दिवसातून किती श्वास तोडते मी. साऱ्या दुनियेत ह्या एकाच बँडले ते माहीत आहे."

बोरकरांचं म्हणणं होतं, टेप संपली असेल. हे ते पहिल्यापासून म्हणत. कॅसेट शहराच्या महाल भागातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडून भरून आणलेली होती, पुठ्ठ्यावर त्याचंच अक्षर होतं. इंदूताई विचारायच्या, मग पहिली बाजू काहून बरोबर संपली? बोरकर म्हणायचे, नशीब. हा वाद दर दोन-तीन महिन्यांनी व्हायचा. शेवटी एका रविवारी इंदूताई खुर्चीतून पुढे वाकल्या.

"हे पाय गा बोरकर. खरी रेकॉर्ड आण. त्या लोकाइनं गाणं तिथीच तोडलं नसन, तं ही खुर्ची तुही. मी सतरंजीवर बसन आन तू लावशीन ते ऐकन."

"ताई, सोच लो," बोरकर म्हणाले.

"सोचलं."

मायनी सूप पाखडणं थांबवलं. बोरकर मुंबईला जातच असत.

फाल्गुन संपता संपता त्यांनी ती रेकॉर्ड आणली. ओल्या कुंकवासारखं लाल कव्हर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. इंदूताईंकडे रेकॉर्ड प्लेयर नव्हता, आमच्याकडे होता. बाबांचा, नाट्यसंगीतासाठी. तो शेजारी न्यायला मी विचारलं तेव्हा बाबा बराच वेळ सुईकडे पाहत राहिले, जणू ती परदेशी शिकायला निघाली आहे. पण देऊन टाकला. मी आणि बोरकरांनी दोन्ही बाजूंनी धरून तो पलीकडे नेला.

कूलर बंद. दारं बंद. इंदूताई खुर्चीत, पांढरी साडी. माय भिंतीला. बोरकर आपल्या इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसले होते. जिंकणाऱ्या माणसासारखे अजिबात दिसत नव्हते. इंदूताई म्हणाल्या, फक्त शेवटचं गाणं ऐकायचं नाही, पहिल्यापासून ऐकायचं. नियम म्हणजे नियम. आम्ही पहिल्यापासून ऐकलं. पहिली बाजू संपली, त्यांनी दोन बोटं फिरवली, मी रेकॉर्ड पालटली.

शेवटचं गाणं. ड्रम. गिटार वर चढली. सगळं थांबलं. तो श्वास आला.

आणि गायक गाऊ लागला.

तो घरी पोचला. दार उघडं होतं. व्हायोलिनं आली. मग समूहगायन आलं, पहिलं कडवं पुन्हा आलं, या वेळी संथ आणि गोड. कुठेतरी घंटा वाजली, पुन्हा वाजली, आणि सगळं विरत विरत, सावकाश, कोणाचं काही राहून जाऊ नये अशा बेतानं संपलं. शब्द मला सगळे कळले. त्या बँडचे सगळे शब्द मला कळण्याची ती पहिलीच वेळ.

माय म्हणाल्या, "झालं काय? मले वाटलं, वरात आली."

कोणी हसलं नाही. इंदूताई उठल्या. साडीचा पदर सारखा केला, सतरंजीवर मायच्या शेजारी येऊन बसल्या आणि सुपातली मूठभर डाळ हातात घेतली.

"बस गा बोरकर."

"ताई, राहू द्या ना. मजाक होता तो."

"माहा नव्हता."

बोरकर बसले. खुर्चीच्या कडेवर, दवाखान्यात बसतात तसे. आता मत विचारायचं काम त्यांचं होतं. त्यांनी खोलीभर पाहिलं आणि सगळ्यांत निरुपद्रवी म्हणून माझ्याकडे वळले.

"बोल मीडियम. कौनसा अच्छा?"

मी कपात पाहिलं. कप रिकामा होता, त्यात पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. इंदूताई थांबल्या होत्या. डाळ निवडत होत्या, पण बोटं हलत नव्हती.

"हे गाणं संपलं," मी म्हणाले. "आपलं संपत नाही. कॅसेटवरचं ऐकून मी घरी जाते ना, तर भिंतीपलीकडे गेल्यावरसुद्धा तो बोलायचा बाकी असतो. जेवतानाही असतो. याचं आता काही बाकी राहिलं नाही."

"एक्स्टेंड," सतरंजीवरून इंदूताई म्हणाल्या.

"अजून काही नाही माझ्याजवळ," मी म्हणाले. तेव्हा मात्र सगळे हसले, मीही.

पण त्या हसण्यानं प्रश्न सुटला नाही. मला वाटलं होतं, आता इंदूताई म्हणतील, बघा, आपलंच चांगलं. त्या म्हणाल्या नाहीत. चहा झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की मीडियम म्हणते ते खरं असेल, पण आपण म्हणत होतो त्या लोकांनी मुद्दाम तोडलं, आणि ते खोटं निघालं. त्या बँडला श्वासाचं काही माहीत नव्हतं. त्यांना तर सगळं नीट संपवायचं होतं, चांगल्या घरच्या पोरांसारखं.

पुढचे काही रविवार बोरकरांचं राज्य होतं. त्यांनी दहापैकी गुण द्यायची पद्धत आणली. पुढे पळवायला परवानगी दिली. कूलर सुरू झाला. शर्टाची इस्त्री टिकू लागली आणि मायची डाळ निवडून होईना. इंदूताई नियमानं सतरंजीवर बसत, लावलं ते ऐकत आणि मत विचारलं की म्हणत, "छान आहे." ते ऐकून बोरकरांचा चेहरा पडायचा. एरवी आठवडाभर भिंतीतून काहीच आवाज येत नसे. बाबांनीसुद्धा विचारलं, शेजारी कोणी आजारी आहे का. मला त्या शांततेची भीती वाटू लागली. मागाचं घर पुन्हा मुकं झालं होतं.

एका संध्याकाळी इंदूताई मोपेड घेऊन दाराशी आल्या. म्हणाल्या, "चल महालात. त्या रेकॉर्डिंगवाल्याले विचारायचं आहे मले."

महालातल्या गल्लीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. जिना इतका अरुंद की चढताना एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, एवढंच शक्य. वर ते रेकॉर्डिंगवाले तिवारीजी बनियनवर बसले होते, भोवती कॅसेटचे ढीग. इंदूताईंनी कॅसेट पुढे ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली. मी त्यांना कोणासमोर इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. तिवारीजींनी कॅसेट उलटसुलट पाहिली.

"बहनजी, टेप छोटी थी, रेकॉर्ड लंबा था. टेप खतम हो गई तो मैं क्या करूँ?"

"पण तुम्ही ऐकलं नाही? बरोबर त्या श्वासावर तुटलं."

"मैं नीचे चाय लेने गया था," तिवारीजी म्हणाले, आणि मग समजावणीच्या सुरात, "मैंने सोचा, आखिर तक कौन सुनता है."

इंदूताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत हसत जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या, पदरानं डोळे पुसू लागल्या, पुन्हा हसू लागल्या. खालून भांडीवाला वर डोकावला. तिवारीजी घाबरून पाणी आणायला उठले. येताना मोपेडवर, मागे बसलेल्या मला, वाऱ्यात ओरडून त्या सांगत होत्या, "चाय आणायले गेला वं तो. चाय."

त्या रात्री भिंतीतून गिटार आली. आईनं पोळी लाटता लाटता सुस्कारा टाकला. पण बरं वाटल्याचा होता तो.

रविवारी चहाच्या वेळी इंदूताईंनी सतरंजीवरून बोलायची परवानगी मागितली. बोरकरांनी घाईनं दिली.

"आपलेवाल्यात पाचवा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "आजवर मले माहीत नव्हता. ड्रमवर एक, गिटारवर दोन, गायचा एक. आन पाचवा महालात बसते, बनियनवर. शेवट त्यानं केला."

बोरकर काहीतरी म्हणायला गेले. इंदूताईंनी हात वर केला.

"तू बरोबरच होता, ते मी नाही बदलवत. टेपच संपली होती. पण पाय, तो पूर्ण अल्बम साऱ्या दुनियेत भेटते. मुंबईत भेटते, लंडनमधी भेटते. हा फक्त नागपुरात आहे. ह्याच घरात. आन माहा पहिला नंबर ह्याले आहे, त्याले नाही."

माय म्हणाल्या, "मंग लाव ना. डाळ पडून आहे."

बोरकर खुर्चीतून उठले. इंदूताई जागच्या हलल्या नाहीत. हरली ते हरली, म्हणाल्या. बोरकर खोलीच्या मधोमध उभे राहिले, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "मंग अध्यक्ष म्हणून माहा हुकूम आहे," ते म्हणाले. "इंदूताईनं खुर्चीत बसावं. आन तो कूलर बंद करा कोणीतरी."

"हुकूम आहे तं काय करता," इंदूताई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. कूलर मी बंद केला. पुढे 'आपलेवाल्यांचे' चौघे वेगळे झाल्याचं वाचलं तेव्हा त्या जराही हळहळल्या नाहीत. पाचवा अजून दुकान उघडतो, एवढंच म्हणाल्या.

मी कॉलेज संपवून पुण्याला नोकरी धरली, तोवर लोक घरूनच नंबर फिरवून परगावी बोलायला लागले होते. ट्रंकचं काम आटत चाललं होतं. इंदूताईंना चौकशीच्या टेबलावर बसवलं होतं. वाईट वाटतं का, असं मी विचारलं. त्यांनी जरा विचार केला. "आता लोकं पाहिजे तेवढं बोलतात," म्हणाल्या. "महत्त्वाचं तरीबी नाहीच बोलत."

मला पोचवायला त्या स्टेशनवर आल्या होत्या. आई-बाबा आत सामान लावत होते. इंदूताई माझ्या खिडकीशी उभ्या, एक हात गजावर. दुसऱ्या हातानं त्यांनी एक कॅसेट आत सरकवली होती. पुठ्ठ्यावर तिवारीजींचं अक्षर होतं. टेप मुद्दाम छोटी घेतली, म्हणाल्या. नाहीतर तो म्हातारपणी सुधारायचा आणि पूर्ण भरून द्यायचा. मग आम्ही बोललो. पुण्याला पाणी कसं असतं. खोलीवर रॉकेल मिळेल का. बोरकरांची बदली होणार म्हणतात ती कुठे. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन. आई-बाबा उतरून मागे उभे राहिले. डब्यातल्या लोकांनी माना बाहेर काढल्या.

मला त्यांना काही सांगायचं होतं. ते काय, हे मला पक्कं माहीत होतं. बरेच दिवस मनात मांडूनही ठेवलं होतं. मी गजाजवळ तोंड नेलं आणि श्वास घेतला.

गाडी हलली.

इंदूताईंनी तो श्वास ऐकला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं मला. गजावरचा हात सुटला, त्या दोन पावलं गाडीबरोबर चालल्या आणि थांबल्या. प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हसू लागल्या, महालातल्या जिन्यावर हसल्या होत्या तशा. केसांतली ती खाच उन्हात चमकत होती. मग, खांब आड येण्याआधी, त्यांनी दोन बोटं वर केली आणि मनगट फिरवलं.